हिरामणचा शब्द

हिरामण तरे वारला तेव्हा मी त्याच्या दारात गेले नाही. आमच्या कामतघरच्या चाळीतून रिक्षा भरून माणसं अंजूरला गेली, त्यांत माझा मुलगा आणि सूनही होती. मी घरी भात टाकला, सकाळचं कालवण गरम केलं आणि जेवले. लोकांना ते लागलं. एवढ्या वर्षांचा घरोबा आणि म्हातारी तोंड दाखवायला आली नाही, असं बोलले. दहाव्यालाही मी गेले नाही. तिथे म्हणे बरेच जण बोलायला उठले आणि सगळ्यांनी फिरून फिरून एकच सांगितलं, की हिरामणभाऊ बोलले म्हणजे बोलले, त्यात खोट नसायची. ते ऐकल्यावर मला गप्प बसवेना, म्हणून हे लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. जे झालं ते सरळ सांगते.

हिरामण कबड्डीचे खेळाडू हेरायचा. गावोगाव फिरायचं, सामने बघायचे, आणि कुठल्या पोराला आपल्या संघात आणायचं ते शेठला सांगायचं, एवढंच त्याचं काम. पूर्वी या कामाला नाव नव्हतं. आता टीव्हीवरच्या लीगमध्ये असल्या माणसाला टोपी देतात, गळ्यात ओळखपत्र देतात आणि स्काउट म्हणतात. हिरामणला कुणी टोपी दिली नाही. पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, खिशात कंगवा आणि सायकल. एक कान खेळताना कुणाच्या तरी गुडघ्याखाली सापडून चुरगळलेला होता. समोरचा माणूस बोलायला लागला की तो तोच कान पुढे करायचा.

माझा नवरा बाळाराम आणि तो एकाच लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला होते. लूमच्या शेठचा कबड्डीचा संघ होता, दोघे त्यात खेळायचे. बाळारामची चढाई बघायला निजामपुऱ्यातून लोक यायचे. हिरामण मध्यम खेळायचा आणि ते त्याला लवकर कळलं. मला एकदा म्हणाला, "वयनी, मना माझी लायकी समजली. ही बी एक पारखच हाय." मग शेठने त्याला लूमवरून काढून गावोगाव फिरायला लावलं. त्या काळी मिलचे संघ होते, बँकांचे होते, आणि चांगला खेळाडू दिसला की ते त्याला नोकरीच देऊन न्यायचे. लूमचे शेठ तेवढे मोठे नव्हते. ते खेळाडूचं नाव कामावर लावायचे, ड्युटी अर्धी द्यायचे आणि जेवण पोटभर. त्यामुळे मिलवाल्यांच्या आधी पोरगा गाठायचा, ही हिरामणची सगळी धडपड.

सामना बघायची त्याची रीत वेगळी होती. सगळं गाव मैदानाकडे तोंड करून बसायचं आणि हा बाद झालेले खेळाडू जिथे रांगेने बसतात तिथे मागे जाऊन बसायचा. कबड्डीत जो पहिला बाद झाला तो पहिला उठून परत आत जातो, तोवर त्याने रांगेत बसून राहायचं. हिरामण त्या रांगेकडे बघत शेंगा खायचा. कोण पंचाला शिव्या देतो, कोण पाय पसरून पाणी पितो, आणि कोण उकिडवा बसून आपला नंबर कधी येतो ते बघत असतो. "आतमदी सगलेच वाघ," तो म्हणायचा. "भायेर बसल्यावर बग, मंग कलतं."

दुसरी रीत त्याहून विचित्र. पोरगा आवडला की त्याच्या घरी जायचा आणि पोराऐवजी त्याच्या आईला बघायचा. पाणी मागायचा. मग खिशातला कंगवा मुद्दाम खाली पाडायचा. आईने वाकून उचलला, तर ती कशी वाकली, हात टेकून उठली की सरळ उठली, ते बघायचा. त्याचं म्हणणं, आईच्या अंगात जे असतं ते पोरांत उतरतं, बापाचं नुसतं आडनाव उतरतं. काल्हेरच्या एका बाईने कंगवा उचललाच नाही. म्हणाली, "तुझा हाय, तू उचल. पोराला बगायला आलास का मना?" तो खूश होऊन परत आला आणि त्या पोराला त्याच आठवड्यात घेऊन आला. पोरगा पुढे खूप खेळला.

त्या पोराची गोष्ट मला चांगली आठवते, कारण तो माझ्याच घरात लपला होता. मोठी स्पर्धा तोंडावर आली की चांगले खेळाडू पळवायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. सकाळी पोरगा आपल्या संघात असायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या जीपमध्ये. म्हणून हिरामण आपले खेळाडू स्पर्धेपर्यंत लपवून ठेवायचा. काल्हेरचा तो पोरगा त्याने आमच्या खोलीत आणून ठेवला. मी तेव्हा घरी कांड्या भरायचे, लूमसाठी धागा गुंडाळायचं काम. खोली लहान, त्यात मी, बाळाराम, माझा मुलगा आणि हा रेडा. भाकऱ्या थापून माझे हात भरून आले.

एका दुपारी दुसऱ्या संघाची माणसं दारात आली. "मावशी, काल्हेरचा पोरगा इथे आहे का?" पोरगा पलंगाखाली. मी म्हटलं, "बघा, घर केवढं आहे ते." ते आत आले, पलंगावर बसले आणि चहा पिऊन गेले. संध्याकाळी हिरामणला सांगितलं तर तो हसून हसून खोकायला लागला. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "पण तू खोटं न्हाय बोललीस. घर केवडं हाय ते बगा बोललीस. वयनी, तुला खोटं जमत न्हाय." त्याने ते मनावर घेतलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

त्याचा शब्द एवढा मोठा कसा झाला, तेही सांगितलं पाहिजे. त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा चांगला खेळायचा. शेठने त्याला संघात घ्यायचं ठरवलं, बहिणीने पेढे आणले. निवडीच्या दिवशी सगळे जमले असताना शेठने सहज विचारलं, "हिरामण, भाचा आहे तुझा, काय म्हणतोस?" हिरामण सगळ्यांसमोर म्हणाला, "घेऊ नका. दमाला कमी हाय. दुसऱ्या अर्ध्यात तोंड उघडं ठेवून खेलतो." बहीण तिथेच बसली होती. ती उठून गेली. पुढे तिने त्याला भाऊबीजेला कधी बोलावलं नाही. भाचा दमाला कमीच होता, सहा महिन्यांत सगळ्यांना दिसलं. तेव्हापासून ठाणे-कल्याणपासून शहापूरपर्यंत हिरामण जे बोलेल ते पक्कं. दुसऱ्या संघांचे लोकही आपल्या पोराबद्दल त्याला विचारायला यायचे.

बाळाराम गेला, मी म्हातारी झाले, शेठ गेले. माती गेली आणि मॅट आली. टीव्हीवर लीग आली. अंजूरच्या बाजूला भातशेतीवर गोडाऊन उभी राहिली, आणि ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्याकडे संघ ठेवण्याइतका पैसा आला. हिरामण त्यांतल्याच एका तरुण शेठकडे खेळाडू हेरायला लागला. या शेठचं नाव रोहन. दिसायला गोरा, बोलायला गोड, हिरामणला काका म्हणायचा. मात्र त्याने मुंबईहून एक शिकलेला माणूसही ठेवला होता. तो माणूस मैदानावर यायचाच नाही. सामन्यांचे व्हिडिओ लॅपटॉपवर बघायचा आणि आकडे काढायचा. कुणी किती पकडी केल्या, किती चुकल्या. रोहनशेठ हिरामणला चहा द्यायचा आणि प्रश्न त्या माणसाला विचारायचा. हिरामण माझ्याकडे येऊन बडबडायचा. "त्या डब्यात पोरगा दिसतो, त्याची आई दिसती का?"

याच सुमारास जिल्ह्यात पोरींची लीग सुरू झाली. माझी नात प्रणाली, मुलाची मुलगी, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती डाव्या कोपऱ्यात खेळायची. चढाई करणारीचा घोटा धरून तिला तिथेच बसवायची. घरी सांगितलेली कामं ऐकायची नाही, पण मैदानात तिच्या हातून घोटा सुटायचा नाही. हिरामणनेच तिला लहानपणापासून शिकवलं होतं. ती त्याला हिरामण आजोबा म्हणायची. त्या लीगमध्ये जी चांगली खेळेल तिला राज्याच्या निवडीला बोलावणार होते, आणि तिथून पुढे खेळाडू म्हणून नोकरीची वाट होती. नाहीतर गोडाऊनमध्ये खोकी चिकटवायची, जशी चाळीतल्या सगळ्या पोरी चिकटवतात. वयाची अट होती. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. आमच्या घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि हिरामणला सगळ्यांत जास्त.

लीगमध्ये पोरी वाटून घ्यायची पद्धत नवीनच होती. पळवापळवी नाही, नोकरीची लालूच नाही. सगळे संघवाले एका ठिकाणी बसणार आणि आळीपाळीने एकेक पोरगी उचलणार. आदल्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत जो संघ सगळ्यांत खाली होता तो पहिला उचलणार, वरचा असेल तो शेवटी. म्हणजे दुबळ्याला चांगली पोरगी मिळावी. प्रत्येक संघाला तीन नव्या पोरी, म्हणजे फेऱ्या तीनच. मला ही पद्धत पटली होती. रोहनशेठचा संघ वर होता, म्हणून त्यांचा नंबर शेवटचा. कल्याणचा संघ तळाला होता, त्यांचा पहिला.

निवडीच्या काही दिवस आधी आमच्याकडे तेलाच्या बाटल्या यायला लागल्या. पहिली बाटली काल्हेरहून आली, हिरामणला कुणाकडच्या तरी हळदीत भेटलेल्या एका बाईने पाठवली होती. आणणाऱ्याने सांगितलं, "गुडघ्याला चोळायला." मला बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसाची कुणाला आठवण येते? मी रोज चोळलं. मग अंजूरहून एक आली, मग निजामपुऱ्यातून कुणीतरी लेप पाठवला. सून म्हणाली, "आई, तुमच्या गुडघ्यांची फारच काळजी पडलीय सगळ्यांना." मी म्हटलं, "माणुसकी आहे अजून." तेल चांगलं होतं. मला उतार पडला, हे खरं आहे ते लिहिलं पाहिजे.

निवड बायपासजवळच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. खुर्च्यांना पांढरी कापडं, मागे रेशमी फिती, जिथे नवरानवरी बसतात तिथे माईक घेऊन पंच बसलेले. संघवाल्यांची टेबलं पुढे, पोरी एका बाजूला, घरचे मागे. मी सुनेला म्हटलं, "पोरी बघायला आल्यासारखं वाटतंय." ती म्हणाली, "हळू बोला."

पहिली फेरी झाली. कल्याणवाल्यांनी दुसरीच एक पोरगी उचलली. प्रणाली पाठ ताठ ठेवून बसली होती. दुसरी फेरी झाली. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. तिने ज्यांना मैदानात लोळवलं होतं त्या पोरी जर्सी घालून फोटो काढत होत्या. सूनबाई पदराने घाम पुसत म्हणाली, "आजोबा आहेत ना. ते बघतील." आजोबा रोहनशेठच्या शेजारी बसले होते, कान पुढे करून. आमच्याकडे बघत नव्हते.

मग चहाची सुट्टी झाली. कल्याणच्या संघाच्या शोभाताई, स्वतः जुन्या खेळाडू, माझ्याजवळ येऊन बसल्या. चांगली बाई. माझा हात धरून म्हणाल्या, "आजी, गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," मी म्हटलं. "तेलाने उतार पडला."

"तुमचा नाही हो. प्रणालीचा."

"तिच्या गुडघ्याला काय धाड भरलीय?"

त्या गोंधळल्या. "अहो, हिरामणभाऊच हाडवैद्य शोधत होते ना तिच्यासाठी? काल्हेरच्या हळदीत सगळ्यांना विचारत होते. कुणाला चांगला हाडं बसवणारा माहीत असेल तर सांगा, आमच्या पोरीचा गुडघा सरकलाय. मी रडले हो ते ऐकून. आम्ही हिलाच पहिली उचलणार होतो."

मी चहा खाली ठेवला. सगळ्या बाटल्या माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

हिरामण हॉलच्या मागे हात धुवायच्या नळांजवळ सापडला. मी विचारलं, "पोरीच्या गुडघ्याला काय झालंय?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "हलू बोल, वयनी."

"हळूच बोलते. काय झालंय?"

"काय न्हाय झालं. घोडीसारखी हाय." आणि तो चक्क हसला. "आमचा नंबर शेवटचा. कल्याणवाल्यांनी पयल्याच फेरीत नेली असती तिला. तिथं काय हाय? सगले सामने हरतात. आमच्याकडं राज्याचे लोक बगायला येतात. तिच्याच भल्याचं केलं."

"मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला खोटं जमत न्हाय."

"मग तुझ्या शेठने पहिल्या फेरीत का नाही घेतली? दोन फेऱ्या झाल्या."

हे विचारल्यावर त्याचे डोळे चमकले. तेव्हा मला तो माणूस पूर्ण दिसला. "अगं, आता तिला कोण उचलणार हाय? शेवटी आपोआप मिलतेय तर पयला हात कशाला घालवू? तिसऱ्या फेरीत उचलतो. तो लॅपटॉपवाला बसलाय ना, त्याला दाखवतो हिरामण काय चीज हाय."

"आणि नाही उचललीस तर?"

"माजा शब्द हाय, वयनी," तो म्हणाला. हात धुऊन त्याने कंगव्याने केस विंचरले आणि आत गेला.

मी जाऊन माझ्या जागेवर बसले. सुनेला काही सांगितलं नाही. तिसरी फेरी सुरू झाली. एकेका टेबलाने नाव घेतलं, प्रणालीचं कुणीच घेतलं नाही. शेवटी रोहनशेठच्या टेबलाची पाळी आली. हिरामण त्याच्या कानाशी वाकला. रोहनशेठच्या पुढ्यातला माईक चालू होता, त्यामुळे त्याचं बोलणं सगळ्या हॉलमध्ये ऐकू आलं. "प्रणाली? काका, तिचा गुडघा गेलाय ना? तुम्हीच तर म्हणालात."

हिरामणने आपल्या शेठलासुद्धा खरं सांगितलं नव्हतं.

सगळी टेबलं वळली. लॅपटॉपवाल्याने मान वर केली. डॉक्टरचा फिटनेसचा कागद पंचांच्या हातात होता. एकाने तो वाचूनही दाखवला. पण कुणीतरी म्हणालं, "कागद काय, कुणीही देतो. हिरामणभाऊ म्हणतायत ना."

मी उभी राहिले. "पोरीचा गुडघा धड आहे! तेल मी लावलं!"

लोक हसले. वाईट नाही हसले. म्हाताऱ्या बाईला हसतात तसं हसले. पंच म्हणाले, "आजी, घरचे तेच म्हणणार. बसा तुम्ही."

तेवढ्यात प्रणाली उठली. पुढे मोकळ्या जागेत गालिच्यावर गेली आणि सगळ्यांसमोर उठाबशा काढायला लागली. खाली बसायची, उठायची. पहिल्या रांगेतली एक बाई कळवळून म्हणाली, "नको गं बाळा, त्रास होईल." पंचांनी तिला थांबवलं आणि हिरामणकडे बघितलं. "भाऊ, तुम्ही सांगा. तुमचा शब्द आम्हाला चालेल."

आता त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं, की पोरीला काही झालेलं नाही, ते मी उगाच पसरवलं. पाच टेबलांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. लीगने कदाचित हाकलला असता. भाच्याच्या वेळी त्याने बहीण सोडली होती, तसं आता स्वतःचं नाव सोडायचं होतं. प्रणाली त्याच्याकडे बघत होती. मीही बघत होते.

त्याने माईक जवळ ओढला. "पोरगी चांगली हाय," तो म्हणाला. "पण यंदा तिला आराम पडू दे. पुढच्या टायमाला बगू."

पुढचा टाइम नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

रोहनशेठने दुसऱ्या पोरीचं नाव घेतलं. ती रडायला लागली आनंदाने. टाळ्या झाल्या. हिरामणनेही वाजवल्या.

रिक्षात प्रणालीने विचारलं, "आजी, आजोबा असं का बोलले?" मी तिला सगळं सांगितलं, नळापाशी काय बोलला तेही. सून म्हणाली, "आत्ता कशाला सांगता तिला?" मी म्हटलं, "मग कधी?"

मी नंतर भेटेल त्याला सांगितलं. चाळीत सांगितलं, शोभाताईंना फोन लावून सांगितलं, रोहनशेठच्या गोडाऊनवर जाऊन सांगितलं. रोहनशेठने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि म्हणाला, "आजी, तुमचं दुःख मी समजू शकतो." शोभाताई म्हणाल्या, "ज्या माणसाने सख्ख्या भाच्याला सोडलं नाही तो खोटं कशाला बोलेल हो?" तिथे मी फोन ठेवला. मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे. लोक हसतात."

पोरीच्या लग्नाचं बघायला लागलो तर तिथेही तेच. कुठलंही स्थळ येवो, पोहे खाऊन झाल्यावर मुलाची आई आवाज खाली घेऊन विचारते, "गुडघ्याचं काय म्हणे?" एकीने तर तिला जिना चढून दाखवायला सांगितलं. प्रणालीने त्यांना दार दाखवलं. आता ती गोडाऊनमध्ये आहे. पूर्ण शिफ्ट उभ्याने खोकी चिकटवते. तिथे गुडघ्याचं कुणी विचारत नाही.

हिरामण वर्षभर आमच्याकडे फिरकला नाही. मग एका दुपारी आला. वाळला होता, पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते असं नंतर कळलं. आत आला नाही. उंबऱ्यावर बसला. प्रणाली कामावर होती, त्याने विचारून घेतलं होतं बहुतेक.

"वयनी, माजं आता काय खरं न्हाय," तो म्हणाला. "झोप लागत न्हाय. तू बोलशील ते करतो."

"खाली नाक्यावर चहावाल्याकडे तुझी सगळी माणसं बसलीत," मी म्हटलं. "कल्याणच्या संघातला एक आहे त्यांच्यात, रोहनचा ड्रायव्हर आहे. जा, त्यांना सांग."

"आत्ता?"

"आत्ता. इथे चहा मिळणार नाही."

त्याने जिन्याकडे बघितलं. मग भिंतीला धरून उठला. "सांगतो," म्हणाला. "खरंच सांगतो." जिना उतरायला त्याला वेळ लागला. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. वरून चहावाल्याची टपरी स्वच्छ दिसते, बोलणं तेवढं ऐकू येत नाही.

त्याला बघून सगळे उठले. एकाने खुर्ची पुसून दिली, एक जण पाया पडला. तो बसला. दम खाल्ला. मग बोलायला लागला. माणसं जवळ सरकली. मी गजाला धरून उभी होते. मला वाटलं, चला, उशिरा का होईना. मग त्याने एक हात लांब केला, अंग वाकवलं, जुन्या कुठल्या तरी खेळाडूची चढाई दाखवली. माणसं हसली. एकाने त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याला चहा आला, त्याने बशीत ओतून प्यायला, परत काहीतरी बोलला, परत सगळे हसले.

मी तरी उभी राहिले. म्हटलं, निघताना सांगेल. रिक्षा बोलावली गेली. दोघांनी बगलेत धरून त्याला आत बसवला. रिक्षा सुरू झाल्यावर त्याने बाहेर डोकं काढलं आणि त्या माणसांकडे बघून हात हलवत राहिला, वळणापर्यंत. वर गॅलरीकडे त्याने बघितलं नाही.